आज्ञाधारक माणसाची बायको

माझे यजमान वारले तेव्हा आमच्या मंडळीनं देवळात सभा भरवली. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण तेच सांगत होता: पाळकसाहेब आज्ञाधारक होते, नम्र होते, ख्रिस्ती माणूस पिकला की असा होतो. मी पहिल्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसले होते. लोकांना वाटलं मी रडते आहे. रडत तर होतेच, पण मधूनच हसू येत होतं आणि मधूनच जुना रागही वर येत होता. आज्ञाधारक माणसाबद्दल चार शब्द बोलणं सोपं आहे. त्याच्याशी संसार करून बघावा.

आमचं लग्न झालं तेव्हा हे बार्शीला मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी आसपासच्या खेड्यांत उपदेश करायचे. एकदा मिशनचे साहेब यांना बरोबर घेऊन करमाळ्याला निघाले. कुर्डुवाडीला गाडी बदलून केमच्या स्टेशनावर उतरले. साहेब म्हणाले, "सामानापाशी थांबा, मी गाडी ठरवून आलोच." साहेब गावात गेले, तिथं त्यांना कुणी ओळखीचे गृहस्थ भेटले, त्यांच्या टांग्यातून ते परस्पर करमाळ्याला गेले आणि यांना साफ विसरले. हे ट्रंकेवर बसून राहिले. अंधार पडल्यावर स्टेशनमास्तरनं आत येऊन टेका म्हटलं, तर सामान सोडून कसा येऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस धापा टाकत आला, तेव्हा हे त्याच ट्रंकेवर बसून कुणा धनगराशी मेंढरांच्या रोगराईवर बोलत होते. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी म्हटलं की माणसानं इतकंही गरीब असू नये. यांनी पायातल्या वहाणा काढत सांगितलं, "थांबा म्हणाले होते ना."

मी अशी नव्हते. मी बोर्डिंगात वाढले, पण तिथल्या बाई म्हणायच्या की हिला ऊठ म्हटलं की ही आधी का म्हणून विचारते. पाळकाची बायको झाल्यावर बायकांच्या सभेत शिकवायचं काम माझ्याकडं आलं. आज्ञापालनाचा धडा मी फार रंगवून घ्यायची. कुंभाराच्या हातातली माती काय, मेंढपाळाच्या मागून जाणारं मेंढरू काय. बायका माना डोलवायच्या. त्यांना घरी सासू होती, नवरा होता, गिरणीत मुकादम होता. त्यांना माझ्याकडून काही शिकायचं होतं असं आज वाटत नाही.

यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि सोलापूरला पाठवलं. बदली झाल्याचं कळलं तेव्हा मी विचारलं की आपल्याला कुणी विचारलं का. हे म्हणाले, विचारलं नाही, सांगितलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, सामान थोडं होतं, दोन दिवसांत आम्ही सोलापुरात होतो.

आमचं देऊळ गिरणीच्या वस्तीला लागून होतं. देवळातली माणसं कुठून कुठून आलेली. कुणी अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलणारं; कुणी विणकरांच्या शेजारात राहून तेलुगू शिकलेलं; कुणी करमाळ्याकडून दुष्काळात उठून आलेलं. येशूच्या नावानं एका छपराखाली बसत असली, तरी जन्माला ती निरनिराळ्या वाड्यांत आली होती. त्यांतल्या पुष्कळांना गावी असताना पाणी मिळालं ते वरून, ओंजळीत ओतलेलं. भांड्याला तोंड लावायची सोय नव्हती. म्हणून आमच्या देवळात प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून प्यायचा, पेला एक होता. जर्मन सिल्व्हरचा, दोन कानांचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो बाकाबाकांवरून हातोहात जायचा. पहिल्या बाकावरच्या पेन्शनर हेडमास्तरांनी ज्या काठाला ओठ लावला, त्याच काठाला शेवटच्या बाकावरची झाडूवाली ओठ लावायची. सर्वांचं झालं की पाळकानं उरलेलं पिऊन पेला रिकामा करायचा. आधीचे पाळक सगळ्यांत अगोदर प्यायचे. शेवटी प्यायची पद्धत यांनी पाडली.

त्या पेल्यातला रस करणं माझ्याकडं होतं. शनिवारी सकाळी मनुका भिजत घालायच्या, दुपारी कुस्करून उकळायच्या आणि मलमलीतून दोनदा गाळायच्या. बाकी कुठल्याही कामात मी धांदरट असेन, पण त्या रसात काडी सापडली असं कुणी म्हणून दाखवावं.

सोलापूरला येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मला खोकला लागला. तो जाईना. मग संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, आणि एका सकाळी पदरावर रक्त दिसलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडं न बघता यांच्याकडं बघितलं. तेव्हाच मी समजले. क्षयाच्या दवाखान्यात खाट मिळेना. मग मिशनच्या कंपौंडाच्या टोकाला, निवडुंगाच्या कुंपणापाशी, पूर्वी गवत साठवायची एक खोली होती, तिला दोन खिडक्या पाडून मला तिथं ठेवलं.

डॉक्टरीणबाईंची आज्ञा कडक होती. पडून राहायचं. मोठ्यानं बोलायचं नाही, गायचं नाही. ताट, वाटी, तांब्या वेगळा आणि रोज उकळलेला. आणि खोलीचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही. एवढी एक आज्ञा त्यांनी यांच्याकडं वळून पुन्हा सांगितली.

मंडळीतली एक म्हातारी मला भाकरी आणून द्यायची. ती जन्मभर गिरणीत सुताच्या कांड्या भरून आता घरी बसली होती. दाराबाहेर एक चौकोनी दगड होता, त्यावर ती फडक्यातली भाकरी ठेवायची आणि लांब जाऊन उकिडवी बसायची. "कालवणात तिखट जास्ती पडलंय, पर खावा," एवढं म्हणायची आणि माझं खाऊन होईपर्यंत वस्तीतल्या बातम्या सांगायची. माझ्या जागी आता खजिनदारांची बायको रस करते आणि त्याला धुराचा वास येतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. ऐकून मला बरं वाटलं. आजारी माणसाला असल्या गोष्टींचा आधार लागतो.

हे रोज संध्याकाळी यायचे. गिरणीचा भोंगा झाला की छत्री घेऊन यायचे आणि त्या दगडावर बसायचे. एक स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायचे. मग विचारायचे, "ताप किती होता?" मी सांगायची. "खोकला?" तेही सांगायची. "बरं. देव बरं करील," म्हणून उठायचे. उंबरा माझ्या खाटेपासून दोन हातांवर होता. यांचा पाय त्याला कधी लागला नाही.

मला ठाऊक होतं की डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे. नवऱ्याला आपला रोग लागावा असं कोणत्या बायकोला वाटेल? तरीही मी मनात धरून बसले होते की एकदा तरी हा माणूस आत येईल. आज्ञा मोडून येईल. पाऊलभर येईल आणि मीच ओरडून त्याला बाहेर घालवीन. इतकंच मला हवं होतं. पण आज्ञा म्हटली की हे केमच्या स्टेशनावर ट्रंकेपाशी बसलेले तेच. तिथं सामान होतं, इथं मी होते. सामानात आणि माझ्यात यांना काही फरक वाटतो की नाही, या एका प्रश्नानं मला त्या खोलीत खाऊन टाकलं. रोगानं खाल्लं त्याहून जास्त.

दिवस जाता जात नव्हते. भोंग्यावरून मला वेळ कळायची. भोंगा झाला की रस्त्यावरून चपलांचा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं थांबायचा. मग कावळे. दुपारी निवडुंगावर सरडा येऊन बसायचा आणि मी त्याच्याकडं व तो माझ्याकडं बघत राहायचा. रविवारी वारा इकडचा असला तर देवळातलं गाणं ऐकू यायचं. कुणाचा सूर कुठं सुटतो ते मी ओळखायची. गायची मनाई होती, म्हणून नुसते ओठ हलवायची. दोन उन्हाळे मी त्या खोलीत काढले, आणि त्या सगळ्या काळात माझ्या अंगाला माणसाचा हात लागला तो डॉक्टरीणबाईंचा, नाडी बघताना. त्यांची यायची वेळ झाली की मी मनगट आधीच पुढं करून ठेवायची.

पहिल्या रविवारची मला सगळ्यांत भीती वाटायची. आज पेला फिरला असेल, आणि फिरताना माझ्या जागेवरून सरळ पुढं गेला असेल. एकदा मी यांना म्हटलं की मला देवळात नाही येता येत तर नाही, पण पेल्यातले दोन घोट माझ्या वाटीत ओतून आणा. हे विचारात पडले. देवळाचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींना विचारतो म्हणाले. मी म्हटलं, पाळक तुम्ही आहात. हे म्हणाले, पेला मंडळीचा आहे.

बैठक झाली. दुसऱ्या संध्याकाळी हे दगडावर येऊन बसले, पण स्तोत्र उघडलं नाही. मी समजले. कोण काय म्हणालं ते त्यांनी एकेक करून सांगितलं. बहुतेकांचा होकार होता. पण सगळ्यांत वयस्क वडील, ज्यांनी उभी हयात गिरणीचे संडास झाडण्यात घालवली होती, ते उठून उभे राहिले. त्यांचे शब्द यांनी जसेच्या तसे सांगितले: "बाईंवर आमची लई माया हाय. पर पेला एक हाय म्हनून आमी हितं मानसं हाय. आज बाईंसाठी दुसरा काढला, तर उद्या कुनी म्हनंल मला बी येगळा द्या. मग आमाला परत वरनं वतायचं की."

त्यावर बैठक संपली.

त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातला एक शब्दही मला खोडता येईना. मी स्वतः बायकांच्या सभेत तेच शिकवलं होतं. खोडता आला असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्यावर रागावले असते आणि मोकळी झाले असते. ते जमेना, तेव्हा सगळा राग समोर बसलेल्या माणसावर निघाला.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी बरं म्हणालो."

"माझ्यासाठी एक शब्दही बोलला नाहीत?"

हे छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले. मी म्हटलं की तुम्हाला सगळ्यांचं ऐकायला येतं, साहेबांचं, डॉक्टरीणबाईंचं, वडिलांचं, शिपायाचंसुद्धा, फक्त बायको तुमच्या कानात शिरत नाही. बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका."

हे उठले, उभ्यानंच प्रार्थना केली, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आत मी केस विंचरले, लुगडं नीट केलं आणि उशीला टेकून बसले. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. थोडं नमतं घ्यायचं, थोडं टोचायचं. भोंगा झाला. चपला वाजल्या आणि थांबल्या. हे आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग माझ्या ध्यानात आलं की मी येऊ नका म्हटलं होतं, आणि या माणसानं जन्मात पहिल्यांदा माझी आज्ञा पाळली होती.

हसण्यासारखीच गोष्ट. पण हसायला समोर कुणीतरी लागतं. रिकाम्या दगडाकडं बघत काढलेल्या त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. देवाशी बोलावं तर शब्द सुचत नव्हते. म्हातारीला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं ठाऊक होतं. एकदा भाकरी ठेवता ठेवता म्हणाली, "पाळकसायेब लई वाळलेत. तुमी बलवा की त्यास्नी." मी म्हटलं, पाय त्यांना आहेत. तिनं मान हलवली.

महिन्याचा पहिला रविवार आला. त्या सकाळी मी ठरवलं की जायचं. देवळात जायचं, शेवटच्या बाकाच्या अगदी कडेला बसायचं, पेला सगळ्यांकडून होऊन आला की हातात घ्यायचा आणि प्यायचा. माझ्यानंतर मंडळीतलं कुणी उरणार नव्हतं, तेव्हा कुणाला बाधा व्हायची नव्हती. उरणार होते ते एकटे पाळक. शेवटचं त्यांनी प्यायचं होतं, ही त्यांचीच पद्धत. मग एक तर त्यांना सगळ्यांसमोर स्वतःच्या बायकोच्या हातातून पेला काढून घ्यावा लागला असता, नाही तर माझ्या ओठांचा पेला प्यावा लागला असता. यांतलं ते काय करतात ते मला बघायचं होतं. त्या एका उत्तरावर माझा सगळा संसार टांगला आहे असं मला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

पांढरं लुगडं नेसून मी निघाले. किती दिवसांनी चालत होते. विहिरीपाशी टेकावं लागलं, मग मिशनच्या मडमबाईंच्या बंगल्याच्या कट्ट्यावर टेकावं लागलं. देवळाच्या बाजूच्या दाराशी कडुलिंबाचं झाड आहे, तिथं पोचेपर्यंत छाती भरून आली. झाडाच्या बुंध्याला धरून, पदर तोंडावर घेऊन मी दम खात उभी राहिले. उकाड्यामुळं दार सताड उघडं होतं. मला उशीर झाला होता. पेला बायकांच्या बाकांवर पोचला होता.

माझ्या म्हातारीनं तो दोन्ही हातांनी धरून घेतला, लहान मूल दूध पितं तसा. तिच्याकडून एका विणकराच्या बायकोकडं गेला. तिच्याकडून झाडूवालीकडं. तिनं घोट घेतला आणि डोळे मिटून पेला क्षणभर मांडीवर ठेवला. मग हे शेवटच्या बाकापाशी आले, तिच्या हातातून पेला घेतला आणि मेजाकडं चालत गेले. आत शिरायची माझी वेळ निघून गेली होती, पण यांचा पिण्याचा क्षण तेवढा बघावा म्हणून मी थांबले. लोकांच्या माना खाली होत्या. मीच एकटी बघत होते.

हे प्यायले नाहीत. पेला मेजावर ठेवला, त्यावर रुमाल पसरला, आणि हात जोडून शेवटची प्रार्थना सुरू केली.

मला वाटलं, विसरले. गाणं सुरू झालं. लोक उभे राहिले. यांनी रुमालासकट पेला उचलला आणि बाजूच्या दारानं बाहेर आले, सरळ झाडाकडं. उरलेला रस झाडाच्या मुळाशी ओतायला आले होते. मला बघून थबकले. आमच्यामध्ये झाडाची सावली होती तेवढं अंतर.

"तुम्ही प्यायला नाहीत," मी म्हटलं.

"नाही."

"कधीपासून?"

"तू पेल्यापासून बाहेर झालीस तेव्हापासून."

मी बुंध्याशी खाली बसले. विचारलं की वडिलांना हे ठाऊक आहे का. हे म्हणाले, "त्यांना विचारूनच. पहिल्याच महिन्यात विचारलं." त्याही वेळी मला हसू आलं. उपास धरायलासुद्धा या माणसानं परवानगी काढली होती. आणि हे कुणाला सांगू नये अशी विनंतीही केली होती, ती सगळ्यांनी पाळली होती, माझ्या म्हातारीनंसुद्धा.

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

यांनी पेला वाकवला, रस मुळाशी हळूहळू ओतला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तुझ्यावर उपकार केल्यासारखं झालं असतं."

आता एखादी भाविक बाई म्हणेल की त्या क्षणी माझं मन भरून आलं. आलं, पण रागानं. मी म्हटलं, तुम्ही तिकडं उपाशी, मी इकडं उपाशी, आणि मला कळूही दिलं नाहीत. मी त्या खोलीत रोज मरत होते, रोगानं नव्हे, मी तुमची कुणी नाही या विचारानं. तुमच्या एका शब्दानं ते थांबलं असतं. "नम्रता देवापुढं ठेवा," मी म्हटलं. "बायकोपुढं ठेवू नका. मला तुम्ही दिसला पाहिजेत."

आत गाण्याचं शेवटचं कडवं चाललं होतं. हे रिकामा पेला धरून उभे होते. इतक्या वर्षांत मी यांना पुष्कळदा गप्प बघितलं होतं, पण ते गप्प बसणं ऐकून घेणाऱ्याचं असायचं. आज यांच्या चेहऱ्यावर भीती होती. म्हणाले, "चुकलो."

मी म्हटलं, "उद्यापासून या. आणि ताप विचारू नका. तुमचं सांगा."

मी देवळात गेले नाही. लोक बाहेर पडायच्या आत, जशी आले तशी थांबत थांबत माझ्या खोलीकडं परतले. त्या दिवशी मी त्या खोलीत गेले ती कुणी सांगितलं म्हणून नाही. खाट तीच, भिंती त्याच, डॉक्टरीणबाईंची आज्ञाही तीच. पण मी आपल्या पायांनी आत गेले आणि दार आपल्या हातानं लोटलं. आज्ञापालनाचे इतके धडे घेतले, पण हे मला कुणाला शिकवता आलं नव्हतं, कारण मला येतच नव्हतं.

त्यानंतरचा पावसाळा गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला मोकळं केलं. पेला माझ्यापर्यंत आला, मी प्यायले, आणि शेवटी हेही प्यायले. देवळात पुष्कळ जणांचे डोळे ओले झाले म्हणतात. तो रविवार मंडळीच्या लक्षात राहिला आणि सभेत बोलणाऱ्यांनी त्याचं वर्णनही केलं. माझ्या लक्षात मात्र दुसरंच राहिलं आहे, आणि ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. कडुलिंबाखाली बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

भोंगा झाला आणि हे आले. छत्री मिटून दगडावर बसले. पुस्तक आणलं नव्हतं. हे बराच वेळ कुंपणाकडं बघत राहिले. यांना जन्मभर लोकांनी सांगितलं होतं: थांब, जा, उचल, गप्प राहा. ते सगळं यांनी केलं होतं, आणि ते करताना कुणाकडं काही मागावं लागत नव्हतं. अनाथ म्हणून मिशनच्या वसतिगृहात वाढलेला माणूस. मागू नये, हे तो अक्षरं शिकायच्या आधी शिकला असेल. मी सांगितलेलं काम त्या सगळ्यांहून अवघड होतं. मला वाटलं, जमायचं नाही यांना. म्हणावं राहू दे, स्तोत्रच वाचा.

मग हे बोलले. पाळकाची भाषा गळून पडली होती; लहानपणी गावात बोलत असतील तसे बोलले. मान वर केली नाही.

"घरात गेलो की दिवा लावू वाटत न्हाय," हे म्हणाले. "चूल पेटवतो आनि तसाच बसतो. मला लई एकटं वाटतं गं."

मी खाटेवरून उतरले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसले. उंबरा दोघांनीही ओलांडला नाही. अंधार पडेपर्यंत हे सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले.